अमेरिकन नवऱ्याला काय म्हणायचं

घरी पाहुणे आले, चहा झाला, की मी अमेरिकेवर येतो. मुलं एकमेकांकडे बघतात, "बाबांची अमेरिका सुरू झाली" म्हणतात आणि आत पळतात. मी काही अमेरिकेला गेलेलो नाही. मुलुंडहून निघून फोर्टातलं ऑफिस गाठायचं, एवढाच माझा परदेशप्रवास. पण माझ्या बायकोने एक अख्खी अमेरिकन कादंबरी मराठीत आणली आणि ती येत असताना पेन्सिलींना टोकं काढायला मी होतो. बोलायला एवढा अधिकार मला पुरतो.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. आमचं लग्न अजून नवं म्हणण्यासारखं होतं. फोर्टात जुनी पुस्तकं चाळताना हिला ती कादंबरी मिळाली. लेखिका तेव्हा हयात होती, लिहीत होती. वेष्टनावर तिची हकिकत छापलेली: शेतकऱ्याची मुलगी, खेड्यातल्या शाळेत शिक्षिका, रात्रीची भांडी आवरली की जेवणाच्याच टेबलावर लिहायला बसणारी. कादंबऱ्या साऱ्या त्याच खेड्यातल्या माणसांच्या.

"बघा, हिलाही वेगळी खोली नाही," ही म्हणाली, आणि चुलीसमोरच्या पाटावर बसून भाषांतर सुरू झालं.

मीही हातभार लावला. 'कॉर्न' शब्द कोशात बघून अर्थ सांगितला. त्यामुळे त्या शेतकऱ्याने काही काळ आपल्या शेतात पायाची कुरुपं पेरली. पुढे हिने त्यांचा मका केला आणि कोश माझ्या हातातून काढून घेतला.

भाषांतर पुरं झालं. गिरगावातल्या एका प्रकाशकांना ते आवडलं, इतकं की ते स्वतः आमच्याकडे आले. पोहे खाऊन झाल्यावर म्हणाले, "बाई, काम उत्तम. फक्त एक करा. त्यातली बायको नवऱ्याला 'तू' म्हणते. तिथे 'अहो' घाला. पुस्तक घराघरांत जायचंय."

आतून आई म्हणाली, "मी हिला तेच सांगत होते. नवऱ्याला अरे-तुरे करते ती मेली."

"आई, तिकडे सगळ्यांना एकच शब्द," ही म्हणाली. "नवऱ्याला तोच, कुत्र्यालाही तोच."

"मग कुत्र्याला तू म्हण. नवऱ्याला कशाला?"

मी हसलो. कुणाच्या बाजूने हसलो ते मलाही ठरवता आलं नाही.

ही मात्र प्रकाशकांकडे वळली. "पुस्तकभर ती नवऱ्याला नावाने हाक मारते. एकाच ठिकाणी मारत नाही. तिने वासरापासून वाढवलेली गाय तो तिला न विचारता विकून येतो, तिथे. ते गाळलेलं नाव हाच तिचा राग. आपल्याकडे बायका नाव घेतच नाहीत, मग गाळणार काय? म्हणून मी सगळीकडे 'तू' ठेवलंय आणि तिथे फक्त 'तुम्ही'. सगळीकडे 'अहो' केलं तर तिला रागावायला जागाच उरत नाही."

"वाचकाला एवढं बारीक कळायचं नाही," प्रकाशक म्हणाले.

"पुढच्या रविवारी वाचनालयात त्या लेखिकेवर माझं व्याख्यान आहे. तिथे ते प्रकरण वाचते. कळलं नाही तर 'अहो' करीन."

प्रकाशक गेल्यावर मी म्हणालो, "अगं, इतक्या महिन्यांची मेहनत एका रविवारावर लावतेस?"

"तुम्ही पुढच्या रांगेत बसून मान डोलवू नका, म्हणजे झालं," ती म्हणाली.

रविवारी वाचनालयाची सतरंजी भरली. प्रकाशक दाराजवळच्या खुर्चीत बसले होते, आई पहिल्या रांगेत आणि मी हुकूम पाळून खांबामागे. हिने आधी त्या लेखिकेचं आयुष्य सांगितलं, तेही असं, की ती बाई आमच्याच गल्लीत राहते आणि संध्याकाळी भाजी घ्यायला दिसते असं वाटावं. मग वाचायला घेतलं. पहिल्या 'तू'ला मागच्या बायका खुदखुदल्या, एका आजोबांनी घसा खाकरला. पाचव्या-सहाव्या 'तू'ला कुणी हललंही नाही.

मग गाय विकून नवरा घरी आला. आज गोठा शांत का, असं त्यानेच उगाच विचारलं. बायकोने बशी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "जेवून घ्या."

ही तिथे क्षणभर थांबली. आणि आई शेजारणीला, तिच्या मते हळू आवाजात, म्हणाली, "संपलं. आता ही त्याच्याशी महिनाभर बोलायची नाही."

शेजारीण म्हणाली, "बोलूच नये. गाय तिची होती."

मी खांबामागून प्रकाशकांकडे पाहिलं. ते माझ्या आईकडे बघत होते. निघताना हिला म्हणाले, "'तू' राहू द्या, बाई. मी हरलो."

घरी परतताना आई सुनेचा हात धरून चालत होती आणि गाय परत मिळते की नाही ते विचारत होती. मी मागून वाचनालयाने हिला घातलेला फुलांचा हार सांभाळत येत होतो. हार हिचा होता, पण छाती माझी फुगली होती.

पुस्तक निघालं. अडचण राहिली ती माझी. अमेरिकन नवऱ्याला 'घ्या' ऐकलं की काय ते समजतं. मला मात्र ती रोजच 'जेवून घ्या' म्हणते, त्यामुळे ताटावर बसण्याआधी तिचा चेहरा बघावा लागतो.

पाहुण्यांना मी ते प्रकरण अजून वाचून दाखवतो. त्या ओळीपाशी येतो, तिच्यासारखाच क्षणभर थांबतो, आणि माझ्याआधी आतून मुलंच म्हणतात, "जेवून घ्या."