बंद वाटेने आलेलं पत्र

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे हसून मोकळे व्हा. नव्व्याण्णवचा उन्हाळा. जळगावात, पिंप्राळ्यात आमचं इंटरनेटचं छोटं ऑफिस होतं. एके दिवशी सकाळी अकराला मी राउटरला शिकवलं – कोणीही वेबपेज मागितलं की आधी कॅशेच्या मशीनकडे पाठव. तिथे साठवलेली प्रत असेल तर ते देईल, नसेल तर बाहेरून आणेल. पण 'मशीन स्वतः बाहेर निघालं तर त्याला जाऊ दे' ही एक ओळ घालायचीच राहिली! मशीन निघायचं, आणि राउटर त्याला परत त्याच्याच दारात आणून सोडायचा...

भुताखेतांवर माझा विश्वास किती? बायकोचा माझ्या स्क्रू-ड्रायव्हरवर आहे, त्याहूनही कमी.

दुपारी एकला अक्का आली. बायकोची मोठी बहीण, सावद्याहून एसटीने. तिचा विलास अमेरिकेत. तीन आठवडे मेल नाही, फोन कोणी उचलत नाही.

"भाऊ, पाहा ना, माह्या पोराचं काही आलं का? मले अन्न गोड लागत नाही."

"अक्का, कामात असेल तो."

"मले नका शिकवू. पाहा."

वेबपेजवरचा तिचा मेलबॉक्स मीच उघडून देत असे. उघडला. एक नवं पत्र! इंग्रजी अक्षरांत मराठी, मी वाचून दाखवलं – 'आई, अपघात झाला होता. डाव्या हाताला प्लास्टर आहे, पण मी बरा आहे. काळजी करू नको. आणि आई, एक सांगायचं राहिलं'... पुढे पान कोरं.

अक्काने पदर तोंडाला लावला. "जिवंत हाये ना! पुढे काय म्हनते?"

"येतंय, लाइन स्लो आहे."

तेवढ्यात फोन. आमच्याच लाइनवर चालणाऱ्या धुळ्याच्या ऑफिसातले नाना. "साहेब, अकरापासून एकही पान उघडत नाही. बठ्ठं बंद शे!"

सेटिंग पाहिलं आणि राहिलेली ओळ लक्षात आली. घाईघाईने ती ओळ घातली. धुळं सुरू झालं. मी मेलबॉक्स पुन्हा उघडला – रिकामा.

काय आलं-गेलं याची नोंद ठेवणारा लॉग तपासला. अकरापासून मी ओळ घालेपर्यंत बाहेरचं एक अक्षर आत आलेलं नव्हतं. कॅशेची डिस्क तर मी सकाळीच कोरी केली होती.

अक्का आमच्याकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी पत्र आलं. शब्दन् शब्द तेच – फक्त 'काळजी करू नको'पाशी संपलेलं. मग विलासचा फोन आला. अक्का माझ्या शेजारी बसून पत्र ऐकत होती, तेव्हा तो हॉस्पिटलात बेशुद्ध होता. 'एक सांगायचं राहिलं' असं काही लिहिल्याचं त्याला आठवेना. "नाही हो काका, मी नाही लिहिलं..."

या धंद्यातल्या पुष्कळांना विचारलं. सगळे एकच म्हणाले – कॅशे झालेलं साठवतं, व्हायचंय ते नाही.

बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"पंख्याचं रेग्युलेटर दोन वर्षं सांगतेय, ते होत नाही तुमच्याच्याने. आणि हेच तेवढं लगेच दुरुस्त केलंत? अहो, तो अजून बोलत होता ना..."