देचांगच्या नावाची बानहू

हाओ देचांगचा डावा हात पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यात सापडला, तेव्हा रेडिओवरच्या ध्वनिमुद्रणाला नऊ दिवस उरले होते. तालुक्याच्या नाटकमंडळीत तो बानहू वाजवायचा. करवंटीवर पातळ फळी बसवलेलं, गजाने वाजवायचं ते वाद्य. त्याच्याशिवाय गाणाऱ्याला सूरच सापडत नाही.

बायको च्यूलान त्याच्याहून सरस वाजवायची. बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्याने आपली विद्या हिला दिली होती. मंडळीचे प्रमुख लुओ घरी आले. म्हणाले, "वहिनी, तुम्ही वाजवा. नाव मात्र देचांगचं राहू दे. लोक त्याला ओळखतात, आणि रेडिओला कुठे डोळे असतात?"

"एकदाच गं," देचांग म्हणाला. "पुढच्या खेपेला तुझं नाव सांगू."

हात बाहेरून बरा दिसू लागला, पण बोटं तारांवर वळेनात; खेळांतही च्यूलान पडद्याआडून वाजवी आणि अशा खेपा सहा वर्षं चालल्या. कॅसेटी निघाल्या. बाजारात कुणी म्हणे, "काय हात आहे देचांगचा!" च्यूलान मिरच्यांची घासाघीस करत राही.

मग प्रांताने देचांगचा सत्कार ठरवला. च्यूलानने निळा कोट इस्त्री केला, पहिल्या रांगेत बसली. तो आज सांगेल, असं तिला मनापासून वाटत होतं. फलक घेऊन देचांग बोलायला उभा राहिला. "माझ्या बायकोने इतकी वर्षं मला गरम शेवया करून घातल्या. अर्धा मान तिचा!"

टाळ्या कडाडल्या. शेजारची बाई तिच्या कानाशी लागली, "नशीबवान आहात हो."

महिन्याने लुओ पुन्हा बोलवायला आले. च्यूलान हात पुसत दारात आली. "सत्कार ज्याचा झाला त्याला न्या."

"अगं, घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणतेस?" देचांग खेकसला. नंतर हातापाया पडला, मग चार दिवस अबोला धरला. ती बधली नाही. तिने सफरचंदांच्या वखारीत पेट्या भरायचं काम धरलं. वर्षभरात बोटांवरचे तारांचे घट्टे गेले, खिळ्यांचे ओरखडे आले.

देचांग पारावर बसून सांगायचा, "सत्कार मानवला नाही बघा मला. त्यानंतर हातच गेला." लोक हळहळायचे, त्याला चहा पाजायचे.

एकदा वखारीतून परतताना तिने ते ऐकलं. खरं सांगायला तोंड उघडलं, पण ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहिले आणि मिटलं. तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. मंडळीत आता दुसरा वाजवणारा होता. बेताचाच, पण चालत होतं.