बिहीला आष्टी मानवेना

आमच्या आष्टीच्या घरात सर्वांत नाजूक प्रकृती कुणाची, असं कुणी विचारलं असतं तर मी परसातल्या बिहीच्या झाडाकडे बोट दाखवलं असतं. मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा बाहेर निजामाचं राज्य होतं आणि परसात या झाडाचं. माझे सासरे, म्हणजे मामंजी, तालुक्याच्या कचेरीतून पेन्शनीत निघाले होते. त्यांच्या साहेबांनी बदलीवर जाताना थंड मुलखातून मागवलेलं हे रोप त्यांना दिलं, सोबत एक थर्मामीटर आणि उर्दूत लिहिलेली सूचनांची चिठ्ठी. साहेब सुटले, आम्ही अडकलो.

बिही हे सफरचंदाच्या गोतातलं पिवळं, तुरट फळ. म्हणे. आष्टीत ते कुणी पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे त्याचं फक्त बी पोचायचं, जालन्याच्या अत्ताराकडून, कागदाच्या पुडीत. खोकला झाला की बिहीदाणा पाण्यात टाकायचा आणि ते बुळबुळीत पाणी प्यायचं. पुडीत मिळतं त्यासाठी अख्खं झाड कशाला, हे विचारायची माझी काय बिशाद!

मामंजी ती चिठ्ठी येईल-जाईल त्याला वाचून दाखवत. हिवाळ्यात झाडाला दोन-तीन महिने कडक थंडी हवी. त्यात ते झोपतं, आणि नीट झोपलं नाही तर फुलत नाही. उन्हाळा सौम्य हवा. मुळाशी ओल हवी, पण हवा कोरडी. पानं दमट राहिली की त्यांवर ठिपके पडतात. थोडक्यात, आष्टी सोडून दुसरं कुठलंही गाव त्याला चाललं असतं.

पण मामंजी हरणारे नव्हते. हिवाळ्यात परसातल्या चुलीवर अंघोळीचं पाणी तापवायला बंदी आली, कारण धगीनं झाडाची झोप मोडेल. आम्ही थंडगार पाणी अंगावर घेऊन कुडकुडत होतो आणि झाडाची झोप होत नव्हती. पावसाळ्यात हवा दमट झाली म्हणून झाडाशेजारी शेगडी पेटली. शेगडीनं उकडायला लागलं की मामंजी पाणी शिंपडत. शिंपडलं की पुन्हा दमट. आमची लुगडी चार-चार दिवस वाळत नसत. पण लुगडी काही फुलणार नव्हती, त्यामुळे त्यांना शेगडी कोण देतो?

तिसऱ्या वर्षी मी माहेरी बाळंत झाले आणि तीन महिन्यांच्या लेकीला घेऊन ऐन वैशाखात परतले. घरात वाळ्याचा एकच पडदा होता. दरवर्षी तो माजघराच्या दाराला लागायचा आणि त्यावर पाणी मारलं की दुपार निभायची. यंदा तो परसात चार बांबूंना बांधलेला होता. आत झाड, झाडाच्या फांदीला थर्मामीटर, आणि शेजारी तांब्या घेऊन मामंजी.

लेकीचं अंग घामोळ्यांनी भरलं. आधी ती रडरड रडली. मग एका दुपारी रडणं थांबलं, छातीला लावली तर तोंड फिरवू लागली, आणि तिचं अंग तव्यासारखं तापलं. मी घाबरून सासूबाईंना हाक मारली. सासूबाईंनी परसात जाऊन पडदा मागितला.

"लेकराला रडता तरी येतं," मामंजी म्हणाले. "झाडानं कुणाला सांगावं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आजवर मामंजींसमोर मी मान वर केली नव्हती. लेकीला खाली निजवून मी तशीच उन्हात गेले आणि बांबूची गाठ सोडू लागले. मामंजी उठले. तेवढ्यात दुसऱ्या बाजूची गाठही सुटली. ती सासूबाईंनी सोडली होती.

"अवं, ते रडायचं बी थांबलंय," त्या म्हणाल्या. "जरा कान देऊन ऐका की."

मामंजींनी ऐकलं. घरातून बिलकुल आवाज नव्हता. त्यांचा चेहरा उतरला. आम्ही पडदा दाराला लावला, आणि थोड्या वेळानं पाहते तो बाहेरून त्यावर पाणी मारत मामंजी उभे. दिवस कलल्यावर लेक दूध प्यायली. मी पदरात तोंड घालून रडले.

आठ दिवसांत झाड करपलं. मामंजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. मला वाईट वाटलं, असं म्हणायला हवं. पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

त्या हिवाळ्यात लेकीला खोकला झाला. कुणी न सांगता मामंजी जालन्याला गेले आणि बिहीदाण्याची पुडी घेऊन आले. ते पाणी तिला चार दिवस पाजलं, खोकला गेला. पाचव्या दिवशी मी परसात आले, तर भांड्यातले उरलेले दाणे धुऊन मामंजींनी फडक्यावर पसरले होते आणि जुन्या खड्ड्याची माती मोकळी करत होते.

"बी हाय, वाया कशाला घालवायचं?" माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "यंदा थंडी बी चांगली पडून राह्यली."

"बराबर हाय, मामंजी," मी म्हणाले, आणि त्यांना पाण्याचा तांब्याही भरून दिला. मला कसली काळजी? सगळी पुडी मी पहिल्याच दिवशी खळखळून उकळली होती.