काळ्या घोडीची खूण

फुलवंताबाईंच्या तेलाच्या बाटलीवर पाय उचललेली काळी घोडी होती. सातपुड्यातून रोशा गवताचं तेल आणवायचं, सारंगखेड्याला घरी ते तिळाच्या तेलात मुरवायचं, आणि मुरगळल्या पायांसाठी विकायचं. पाय माणसाचा असो की घोड्याचा. गिऱ्हाइकांना वाचता येत नसे. ती म्हणत, "घोडीवालं दे."

एकोणीसशे त्रेचाळीस साली सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा व्यापारी नवलसिंग पाय पोळलेली घोडी घेऊन त्यांच्या पालाशी आला आणि गरजला, "बहिन, तुन्हा तेलनी मन्ही घोडीना पाय भाजा!"

बाईंनी त्याच्या हातातली बाटली हुंगली. रॉकेलचा भपकारा आला. चित्रातली घोडी काळीच, पण तोंड भलतीकडे.

"भाऊ, हाई मन्हं तेल नही शे."

"घोडी तर तीच शे ना!"

तो तणतणत गेला, पण बोभाटा व्हायचा तो झालाच. बाईंच्या जिवाला थारा उरला नाही. पालापालाशी बाटल्या उलटसुलट करत त्या हिंडल्या. शेवटी नदीकडे एका परगावच्या विक्रेत्याकडे तसल्याच बाटल्या दिसल्या.

"घोडी काय तुझ्या बापाची?" तो हसला.

हे बोलणं त्यांना रात्रंदिवस कुरतडू लागलं. यात्रा अर्धी टाकून त्या नंदुरबारला हिंमतराव वकिलांकडे गेल्या. "साहेब, घोडी तर कोणीबी काढू शकतो ना?"

"काढू दे. पण तेलावर ती घोडी पाहून लोकांना तुम्ही आठवता. ती ओळख तुमची. चित्र हुबेहूब नसलं तरी चालतं, गिऱ्हाईक फसलं की पुरे. आता नवा कायदा आलाय, खूण मुंबईला नोंदवून टाका. तोवर त्याला नोटीस देऊ. फसलेला माणूस मात्र साक्षीला हवा."

फसलेला माणूस एकच माहीत होता. पाय ओढत बाई नवलसिंगाच्या तळावर गेल्या. घोडीच्या पायाला तो हळद लावत होता. बाईंनी त्याला साक्ष द्यायला विनवलं.

"तुन्ही घोडी देखीसनच ती बाटली लिधी," तो पुटपुटला. "फसनू मी. सांगसू."

नोटीस पोचताच त्या विक्रेत्याने गाशा गुंडाळला. खूण नोंदायला मात्र बराच काळ गेला. नोंदली तेव्हाही काही जुनी गिऱ्हाइकं परतली नव्हती. म्हसावदच्या बाजारात बाई अजूनही तेल घेणाऱ्या कोणाच्याही हातातली बाटली धरून तिचं बूच काढायच्या आणि म्हणायच्या, "आधी हुंग."