चार बोटांचा स्प्लाइस आणि माझी खोटी तक्रार

या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, धरणाकाठच्या एका सेलिंग क्लबात मी तक्रारवहीत लिहिलं: 'चामराजपेटेतल्या दुकानदाराने नकली दोर विकून जिवाशी खेळ केला.' खाली पूर्ण नाव, सही. वाक्य फार ठसठशीत झालं होतं. खरं मात्र नव्हतं.

सहल ठरवली भाचीने. नंदिनी पुण्याहून इथे आयटीत आली, सर्जापूर रोडला राहते, आणि सुट्टीत शिडाची छोटी होडी चालवते. शीड वर ओढायचा तिचा दोर झिजला होता. "आत्या, तू तर शिवणात एक्स्पर्ट आहेस, स्प्लाइस तूच कर ना!" मी फुशारले. स्प्लाइस म्हणजे गाठ न मारता दोर दोरातच घालून पक्का करणं.

जे. पी. नगरहून शुक्रवारी चामराजपेटेला गेले. रिक्षाने जाऊ नका, बाजाराच्या अलीकडेच अडकते. बसने जा आणि शेवटचं थोडं चाला. खंडोजीअण्णांचं दोरांचं दुकान जुनं. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इथे आलेलं, मराठीत निम्मं कन्नड. त्यांनी सहा मिलिमीटरचा करडा दोर दिला. बारा पेडांची पोकळ वेणी, पोलादाच्या तारेला भारी पडणारी, पण साबणासारखी गुळगुळीत. तिला गाठ धरत नाही. म्हणून टोक वळवून डोळा, म्हणजे कडीसारखा फास, करायचा आणि उरलेली शेपटी पोकळ सुईने दोराच्याच पोटात सरकवायची. दोर ताणला की वेणी आवळते आणि शेपटीला धरून ठेवते.

"अक्का, शेपटी जाडीच्या बहात्तर पट आत पाहिजे. हातभर समजा. मोजून घाला. टोकाचे पेड कापून निमुळतं करा, मग टाके."

"अण्णा, मला नन्सनी शिवण शिकवलंय. मोजपट्टी लागत नाही."

"सरी, बरं, अक्का. पण स्वल्प ऐका..."

मी ऐकलं नाही. घरी येऊन चार बोटं शेपटी आत घातली. एवढा महागाचा दोर पोटात हातभर कशाला कोंबायचा? वरून रेशमी धाग्याने इतके बारीक टाके घातले, की ते पाहून सिस्टरने वर्गभर फिरवले असते.

शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो. म्हैसूर रस्ता आता सुरेख झालाय, पण टोलच्या आधी बिडदीला उतरून तट्टे इडली खाच, ताटलीएवढी, लोण्यासकट. पुढे डावीकडे वळल्यावर शेवटचे काही किलोमीटर रस्ता खडबडीत, दोन्ही बाजूंना ऊस. नंतर एकदम पाणी दिसतं.

नंदिनी माझा दोर लावून पाण्यात गेली. वाऱ्याचा पहिला जोराचा झोत आला तेव्हा मी काठावर फोटो काढत होते. शीड धाडकन खाली आलं, त्याच्या तळाची आडवी काठी नंदिनीच्या खांद्यावर पडली. तिला ओढून काठाला आणलं, तेव्हा खांदा निळा पडत होता.

"आत्या, आय अ‍ॅम फाइन! प्लीज सीन क्रिएट करू नकोस."

मी केला. दोर पाहिलासुद्धा नाही, सरळ वही मागितली. सेक्रेटरींनी तिथेच दुकानाचं नाव पुरवठादारांच्या यादीतून काढलं आणि सभासदांच्या ग्रुपवर इशारा टाकला. मला त्या वेळी फार न्याय झाल्यासारखं वाटलं.

सोमवारी तोच दोर घेऊन चामराजपेटेत गेले आणि गिऱ्हाइकांसमोर काउंटरवर आपटला. "चोर आहात तुम्ही! पोरीचा खांदा निखळला असता!" हेही लिहायलाच हवं.

खंडोजीअण्णांनी चष्मा लावला. टोक बोटांत फिरवलं. "अक्का, हे तुटलेलं नाही. कापलेलं टोक तसंच आहे, बघा. घसरून बाहेर आलंय." तुटके रेशमी टाके कुठवर होते तिथे त्यांनी बोटं टेकवली. चार. मग हळूच विचारलं, "मुलीला लागलं का फार?"

ती चार बोटं माझीच होती. त्यांनी स्टूल दिलं, मोजपट्टी दिली, आणि माझ्याकडूनच नवा डोळा करून घेतला. तासभर लागला. तो दोर शटरच्या कडीला अडकवून ते स्वतः लोंबकळले. जराही हलला नाही. तेव्हाच कळलं की क्लबाची ऑर्डर सकाळीच रद्द झाली होती, आणि वर्षातलं त्यांचं तेच मोठं काम.

घरी येऊन सेक्रेटरींना फोन केला, चूक माझीच म्हणून सांगितलं. "मॅडम, लीव्ह इट. दुसरा व्हेंडर मिळालाय, मॅटर क्लोज्ड." खोट्या तक्रारीला पाच मिनिटं पुरली, आणि खऱ्या कबुलीला वेळ नाही!

नंदिनीचा खांदा आता पिवळट आहे, बरा होईल. ती हसते. मला अजून ते "मुलीला लागलं का" ऐकू येतं, आणि तोंड कुठे लपवावं कळत नाही. धरणावर जरूर जा, पाणी सुंदर आहे. आपला दोर मात्र मोजून करा.

सेक्रेटरी महोदय, तुम्ही हा ब्लॉग वाचता हे मला ठाऊक आहे. माझी तक्रार माझ्या चुकीमुळे रद्द झाल्याची नोंद त्याच वहीत करा, दुकानाचं नाव यादीत परत घ्या, आणि ज्या ग्रुपवर इशारा टाकलात तिथेच तो मागे घ्या, माझं पूर्ण नाव लिहून. हे सगळं झाल्याचं लेखी उत्तर येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत मला हवं, आणि त्याची एक प्रत खंडोजीअण्णांच्या दुकानात. फोन करू नका. मी उचलणार नाही.