पाचाच्या खालचे सगळे शून्य

आमच्या खराडीच्या ऑफिसात ताईंना चॅटवर प्रश्न विचारलेला खपत नसे. कोणी पाठवलाच तर दोन शब्दांचं उत्तर यायचं, 'उठून ये.' मग उठून त्यांच्या टेबलापाशी जायचं, उभ्या उभ्या अडचण सांगायची, आणि सांगता सांगता निम्मी आपल्यालाच सुटायची. उरलेली त्या सोडवायच्या. त्या खडकीहून येत, एकोणीस वर्षं. त्यातली शेवटची सहा मी त्यांच्या टेबलापाशी उभी राहून काढली. मला जे काही प्रोग्रॅमिंग येतं ते तिथे आलं. कॉलेजात मी फक्त हजेरी लावली होती.

गेल्या वर्षी मॅनेजरने मला एक फाइल पाठवली. त्रेचाळीस ओळी, त्रेचाळीस रकाने, दोन्हीकडे टीममधली तीच नावं. तीन महिन्यांत कोणी कोणाला चॅटवर किती मेसेज पाठवले, त्याचे आकडे चौकोनाचौकोनात भरलेले.

"याचा एक मस्त नेटवर्क ग्राफ बनव," तो म्हणाला. "टीममध्ये कोलॅबोरेशन कसं आहे ते वर दाखवायचंय. तुझ्या प्रमोशनच्या वेळी उपयोगी पडेल."

तो माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याचाही अर्धा कोड ताईंनी निस्तरलेला.

पायथनमध्ये हे काम अवघड नाही. तक्ता वाचायचा, प्रत्येक माणसाचा एक ठिपका करायचा, आणि चौकोनात आकडा असेल तिथे दोन ठिपक्यांमध्ये रेघ ओढायची. पहिल्यांदा चालवलं तेव्हा पडद्यावर लोकरीचा गुंता आला. असला गुंता वर कोण बघणार? म्हणून मी कोडमध्ये एक ओळ घातली, पाचापेक्षा लहान आकडे शून्य धर. पाचच का, तर चार घेऊन पाहिलं, सहा घेऊन पाहिलं, पाचाला चित्र सुरेख आलं. खूप मेसेज करणारे मधोमध आणि मोठे झाले. माझा ठिपका तर भलताच मोठा. ज्यांची एकही रेघ उरली नाही असे चौघे कडेला फेकले गेले, आणि त्यात ताई होत्या.

ते मला दिसलं. खोटं कशाला बोलू, चांगलं दिसलं, आणि थोडं हसूही आलं. चॅट वापरायचं नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार! ताई काय आहेत हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, असं स्वतःला सांगून मी चित्र पाठवून दिलं.

तीन आठवड्यांनी माणसं कमी करायची यादी आली. कडेचे चौघेच्या चौघे तिच्यात होते.

मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. "अरे, ताई चॅट वापरतच नाहीत. सगळे त्यांच्या टेबलावर जातात. तूसुद्धा जातोस."

"हो गं, पण डेटात कुठंय ते? वरच्यांनी ग्राफ बघून डिसाइड केलंय." मग लॅपटॉपकडे वळत म्हणाला, "आणि ग्राफ तूच बनवलायस ना? एकदम क्लीन होता."

रागाने माझे कान तापले होते. जागेवर येऊन मी ती पाचाची ओळ काढून टाकली आणि पुन्हा चालवलं. वाटलं, ताईंच्या रेघा बारीक का होईना येतील, आणि त्या मी त्याच्या तोंडावर मारीन. रेघा आल्या, तीन. तिन्ही नव्याने लागलेल्या पोरांच्या, ज्यांना अजून उठून जायची सवय नव्हती. माझी एकही नव्हती. माझ्या ओळीत, त्यांच्या रकान्यात, मूळ फाइलमध्येच शून्य होतं.

शुक्रवारी दुपारी ताईंनी टेबल आवरलं. डबा, स्टीलचा पेला, एसीमुळे बारा महिने खुर्चीवर असलेला स्वेटर. मी लॅपटॉप घेऊन जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं.

"दाखव बघू," त्या म्हणाल्या. चित्राकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कोड वरून खाली वाचत आल्या आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "पाचच का?"

"चित्र नीट दिसावं म्हणून."

"पुसण्याआधी काय काय जातंय ते पाहिलंस?"

"पाहिलं होतं, ताई."

त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी स्वेटरची घडी घातली, पिशवीत ठेवला आणि चेन लावली. "सहा वर्षं बारीकसारीक विचारायला येत होतीस. एवढंच का नाही विचारलंस?"

उत्तर माझ्याकडे होतं. विचारलं असतं तर त्यांनी ती ओळ काढायला लावली असती, आणि मला ते चित्र तसंच हवं होतं. हे मी बोलले नाही. त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. रिक्षापर्यंत पिशवी मी उचलू का म्हटलं, तर "नको, जड नाहीये," म्हणाल्या.

प्रमोशन मला मिळालं. वाईट वाटल्याचं खोटं नाटक मी केलं नाही, कर्वेनगरात घरी पेढेही नेले. आता नवी पोरं मला प्रश्न विचारतात. त्यातल्या दोघातिघांना समोर उभं करून विचारायला लावलं तर निम्मं त्यांचं त्यांनाच सुटेल, हे मला वाचताक्षणी कळतं. पण 'उठून ये' असं मी कोणालाही लिहीत नाही. प्रत्येकाला चॅटवरच उत्तर देते, आणि पाचाहून जास्त मेसेज होतील असं पाहते.