नातेवाईकांनी बाहेर थांबा

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, आधी बसा." तेवढ्यावरच मला कळलं. माझी बायको विमल सांगायची, मालिकेतला डॉक्टर नातेवाइकाला बसा म्हणाला की समजायचं, पेशंट गेला. जगणार असेल तर तो उभ्या उभ्याच सांगून मोकळा होतो. मी बसलो नाय. भिंतीला धरून उभा राहिलो. म्हटलं, न बसल्यानं काही फरक पडला तर पडला... पोरगीच होती ती डॉक्टर, माझ्या नातीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. मला बरं वाटावं म्हणून ती बोलत राहिली. "आजींनी सगळं नीट सांगितलं हो. कधीपासून दुखतंय, किती पायऱ्या चढल्या की दम लागतो, दुखणं कुठून कुठं जातं. इतकं नीट सांगणारा पेशंट मी पाहिला नाही. मग हे आधी का नाही सांगितलं त्यांनी कुणाला?"

याला आता दीड महिना झाला. त्या पोरीला मी उत्तर दिलं नाय, ते इथं लिहितो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. नातीनं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलंय, पण तिला सांगितलंय, मजकुराला हात लावायचा नाय. आजोबा यात वाईट दिसले तर दिसू दे.

विमल सायखेड्याची. लग्न होऊन आमच्या सातपूरच्या खोलीत आली तेव्हा मी कारखान्यात प्रेस शॉपला, पत्रा ठोकायच्या मशिनांवर होतो. तिथं दिवसभर धाड धाड, ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाय. तोच आवाज मी घरी घेऊन यायचो. विमल हळू बोलायची, बोलायच्या आधी जरा थांबायची. तेवढी सवड मी तिला कधी दिली नाय. लोक विचारायचे तिला, उत्तर द्यायचो मी. पहिल्या बाळंतपणाला केसपेपरच्या खिडकीवरच्या बाईनं तिचं वय विचारलं. तिनं तोंड उघडायच्या आत मी अंदाजानं ठोकून दिलं, बावीस. होती वीसची. बाहेर आल्यावर पोटाला हात लावून हसली, "दोन वर्षं फुकट म्हातारी केली मला." मीही हसलो. पुढं प्रत्येक कागदावर तेच वय चढत गेलं. शेवटच्या कागदावरसुद्धा ती दोन वर्षं जास्तीचीच आहेत.

त्याच खोलीत असताना ती दवाखान्याची मालिका सुरू झाली. आमच्याकडं टीव्ही नव्हता, विमल शेजारणीकडं जाऊन बघायची. त्यातला डॉक्टर पेशंटच्या खाटेवर टेकायचा, चष्मा काढून हातात धरायचा आणि आधी सगळ्या गोतावळ्याला सांगायचा, "नातेवाईकांनी बाहेर थांबा." मग पेशंटकडं वळून, "हं, आता तुम्ही सांगा. कुठं दुखतंय?" विमलला एवढंच आवडायचं. आजार कोणता, ऑपरेशन झालं का, याच्याशी तिला घेणं नव्हतं. मी चिडवायचो, "तुझा डॉक्टर आला गं, पदर नीट कर." ती म्हणायची, "आला तर येऊ द्या. तुम्ही बाहेर थांबा."

आम्ही पंचवटीत गोदावरीजवळ (आम्ही तिला गंगाच म्हणतो) घर केलं, मी रिटायर झालो, आणि दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा चॅनेलवर तीच जुनी मालिका दुपारी दोनला परत लावायला लागले. विमल स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकून बसायची, पुढ्यात मेथी नाहीतर वाटाणे. मी खाटेवर आडवा. एक दिवस टीव्हीतल्या डॉक्टरनं विचारलं, कुठं दुखतंय? आणि उंबऱ्यावरून हळूच आवाज आला, "डाव्या खांद्याच्या मागं. मग जबड्यात येतं." मी उठून बसलो आणि काय केलं? खो खो हसलो. "अगं, त्याला ऐकू जातंय का?"

ती मेथी निवडत राहिली. "तो विचारतो तरी," म्हणाली.

हे मी ऐकलं. माझे कान प्रेस शॉपनं निम्मे नेलेत, पण हे मला स्वच्छ ऐकू आलं. त्यानंतरही ती अधनंमधनं टीव्हीला सांगायची आणि मी कूस बदलायचो.

दिवाळीनंतर मीच तिला गल्लीतल्या डॉक्टरकडं नेलं. नेलं म्हणजे मी पुढं, ती मागं. डॉक्टर भला माणूस. त्यानं विचारलं, "काय होतंय ताई?" मी म्हटलं, "पित्त. हिच्या जेवणाला वेळ नाय, काळ नाय." त्यानं पुन्हा तिच्याकडंच बघून विचारलं, "चालताना धाप लागते का?" मी म्हटलं, "छे, रोज माझ्याबरोबर गंगेवर फिरायला येते." तो म्हणाला, "बाबा, त्यांना बोलू द्या की." मी म्हटलं, "ती काय बोलणार? तिला बोलता येत असतं तर मी कशाला आलो असतो?" तिघंही हसलो. विमलही हसली, म्हणून डॉक्टरनंही ताणलं नसेल. पित्ताच्या गोळ्या घेऊन आम्ही निघालो. वाटेत ती म्हणाली, "पुढच्या वेळी तुम्ही जरा बाहेर थांबाल का?" ते नेहमीचं चिडवणं नव्हतं. तिनं विचारलं होतं. मी म्हटलं, "का गं? मी काय डॉक्टरला चावतो?" पुढची वेळ आलीच नाय...

त्या दिवशी सकाळी मोरीपाशी भांडी घासता घासता खाली बसली. म्हणाली, "मला न्या." मोठ्या दवाखान्यात आत घेताना मी सवयीनं सुरू झालो, "हिला पित्ताचा..." ती डॉक्टर पोरगी म्हणाली, "नातेवाईकांनी बाहेर थांबा." स्ट्रेचरवरून विमलनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. हसली की काय केलं, अजून मला ठरवता येत नाय. मग दार लागलं. आत ती किती वेळ बोलली असेल, कशी बोलली असेल, ते तेवढं त्या पोरीलाच माहीत. माझ्या वाट्याला ते आलं नाय, आणि यायलाही नको होतं.

तेराव्यानंतर गंगेवर गेलो. वाटेत आमची नेहमीची भाजीवाली बसते, ती म्हणाली, "आजी रोज माझ्या पोत्यावर टेकायच्या. छाती धरून दम खायच्या. मी म्हणायची, बाबांना हाक मारू का? तर म्हणायच्या, नको, ते पुढं गेलेत." इतकी वर्षं मी पुढंच चालत होतो. मागं वळून बघितलं असतं तरी दिसलं असतं.

मालिका अजून लागते. लेक म्हणते, "बाबा, तुम्हाला त्रास होतो तर कशाला लावता?" मी लावतो. दोन वाजले की टीव्ही सुरू करतो, उंबऱ्यावरचा तिचा पाट सरळ करून ठेवतो. डॉक्टर खाटेवर टेकतो, चष्मा काढतो, म्हणतो, नातेवाईकांनी बाहेर थांबा. मी उठतो, चपला घालतो, ओट्यावर जाऊन उभा राहतो आणि दार मागं ओढून घेतो. समोरची बाई आधी विचारायची, "बाबा, उन्हात काय करताय?" आता विचारत नाय. आतून डॉक्टरचा आवाज येतो, "आता तुम्ही सांगा. कुठं दुखतंय?"

मी मधे बोलत नाय.